पाचवा दिवा

नणंदेला बघायला आजऱ्याहून पावणं यायचे होते. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, त्यामुळं घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. आमच्या सोप्याच्या, म्हणजे बाहेरच्या खोलीच्या, छतात हॅलोजनचे पाच दिवे बसवलेले. खाली बसणाऱ्याचं डोकं तापायचं. "ह्या खेपेला पावण्यांना घाम फुटाय नको," म्हणून आमच्या ह्यांनी त्याच सकाळी एलईडीचे दिवे आणले.

हे स्टुलावर, मी स्टूल धरून. एक दिवा बदलला की बटण दाबून बघायचं. चार बदलेपर्यंत ठीक होतं. पाचवा बसवला आणि सगळेच लुकलुकायला लागले. माझ्या मनात आलं, एक जुना राहू द्यायला पाहिजे. पण चौथी शिकलेल्या बाईनं कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला काय सांगायचं? "हुतंय नीट थोड्या वेळानं," म्हणून ह्यांनी स्टूल उचललं.

पावणं दिवेलागणीला आले. लाइट लागली, सासूबाईंनी रोजच्यासारखे हात जोडले. लाइट गेली, आली. परत जोडले. मुलाची आईही तसल्याच रीतीची, तिनंही जोडले. मग मुलाच्या वडिलांना नुसतं बसणं बरं दिसेना. चहाची बशी तोंडाशी नेली की अंधार, उजेड पडला की बशी खाली ठेवून नमस्कार. नणंदेच्या हातात पोह्यांचा ट्रे, ती नुसती मान वाकवत राहिली.

"बंद करू काय?" हे म्हणाले.

"सोयरिकीच्या बोलण्यात दिवा मालवतोस व्हय रं?" सासूबाई कडाडल्या.

नणंदेनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. दाराआडून मीच बोलले, "अहो, एक जुना लावा की."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी पदर तोंडाला लावला. ह्यांनी स्टूल आणलं. सगळ्यात जवळची जागा नेमकी मुलाच्या वडिलांच्या डोक्यावरची. जुना दिवा तिथं बसला आणि पाचही दिवे स्थिर झाले. सासूबाई हात जोडून पुढच्या खेपेची वाट बघत बसलेल्या.

थोड्या वेळानं मुलाच्या वडिलांनी टक्कल पुसलं.

"सरकून बसा की पावणं," हे म्हणाले.

"नगं नगं! काय बी हलवू नगा. आता कुठं पोरगी दिसाय लागलीय."

सोयरीक जमली. तो दिवा अजून तिथंच आहे. व्याही आले की मानाची म्हणून त्यांना तीच खुर्ची देतात, आणि ते बसायच्या आधी खिशातून टोपी काढून घालतात.