जुन्या कॅम्परव्हॅनचा पहिला मुक्काम

मंडळी, कंबर गेलीय, हात अजून काळेच आहेत, तरी लिहितोय.

आयुष्यातली पहिली कॅम्परव्हॅन, तीही जुनी, आज श्रीगोंद्याला घरी आणताना मिरजगावजवळ तापली. ब्रेक दाबला तशी आत ओट्याखालचं कपाट उघडून सगळी भांडी खाली.

शेजारी ऊसतोड कामगारांची ट्रॉली थांबलेली. त्यातल्या एका मावशींनी इंजिनसाठी कळशीभर पाणी दिलं. मग आत येऊन आमची भांडी एकात एक घातली, मध्ये फडकी कोंबली.

"आता न्हाई वाजायची." पलंग, शेगडी बघून त्यांनी विचारलं, "कोनच्या कारखान्याला चाललात?"

"गाडी फिरायला घेतलीय" म्हणायला जीभ रेटेना. "श्रीगोंद्याला," एवढंच बोललो.

"बरं हाय. तिकडं ऊस लई हाय, पोट भरंल तुमचं."