चौदा नंबरचं दार

वृद्धाश्रमातलं वायफाय तोच सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला टॉवरमामा म्हणत. टॅब्लेट डोक्यावर धरून तो व्हरांड्यातून एकेक पाऊल मोजत निघाला की नर्सपोरी मागून ओरडायच्या, "मामा, लागली का रेंज? की गच्चीवर चढवू?"

तोही कमी नव्हता. "तुमच्या डोक्यातून आरपार जातेय गं. आत अडायला काही नाहीच ना!"

आधी सव्वीस वर्षं त्याने टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या. तार तुटली तर निदान दिसते, हातात येते, हे त्याचं ठरलेलं वाक्य. हवेतून जाणाऱ्या गोष्टीवर पोट भरायची पाळी आली तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. शिकला. न शिकून सांगतो कुणाला?

चौदा नंबरच्या खोलीत त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. झटका आला, अर्धं अंग गेलं आणि बोलणंही. उरले दोनच शब्द, "अरे" आणि "नको". तेवढ्यावरही ती त्याला फैलावर घ्यायची. तिच्या उशाशी वायरचं बटण होतं. ते दाबलं की व्हरांड्याच्या टोकाला घंटा वाजे. तिची हाक म्हणजे तेवढीच.

मग संस्थेने मनगटावर बांधायची साठ बिनतारी बटणं आणली, खोलीगणिक एक.

"म्हणजे कसंय टॉवरमामा," व्यवस्थापकसाहेब म्हणाले. त्यांचं कुठलंही वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. "सोमवारी विश्वस्त येतायत. त्याआधी नेटवर्क तयार पाहिजे."

टॉवरमामाने जीव ओतून काम केलं. भेटायला येणारी मंडळी वायफायवर मॅच बघत बसत, म्हणून बटणांसाठी वेगळं नेटवर्क काढलं. पाहुण्यांच्या मोबाइलला तिथे मज्जाव. व्हरांड्याच्या छताला नवी यंत्रं ठोकली. रोज सकाळी अकराला साठांपैकी काही खोल्यांत उभं राहून रेंज मोजली आणि मजल्यांचा नकाशा रंगवला. सगळा हिरवा. चौदा नंबर तर हिरवागार.

"जुन्या घंट्या महिनाभर राहू द्या," तो म्हणाला.

"म्हणजे कसंय, दोन-दोन घंट्या दिसल्या की लोकांना वाटणार, यांचाच यांच्यावर भरवसा नाही. शिवाय रंगारी येतोय."

टॉवरमामाने पक्कड उचलली. चौदा नंबरची वायर त्याने स्वतःच कापली.

"नको," ताई म्हणाली.

"अगं, हे मनगटावरच राहतं. न्हाणीघरात गेलीस तरी बरोबर. राणीसाहेबांचे लाड नुसते!"

त्याने पट्टा बांधला. तिने बटण दाबलं. बाहेर टिंग. पुन्हा दाबलं, पुन्हा टिंग. असं चारदा. "मामा, आवरा ताईंना!" बाहेरून नर्स ओरडली. ताईचं अर्धं तोंड हसलं.

सोमवारी विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. गुरुवारी दुपारी चारला चहा घेऊन गेलेल्या नर्सला ताई पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत सापडली. खुबा मोडलेला, ओठ कोरडे. सहाव्या दिवशी ती गेली.

"म्हणजे कसंय," व्यवस्थापक या वेळी हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी बटण दाबलंच नसणार. वयच तसं. तेवढं लिहून द्या, विषय मिटला."

टॉवरमामाने ताईचं बटण टॅब्लेटला जोडलं. न पोहोचलेली हाक ते बटण लक्षात ठेवायचं. दोन वाजून दहा मिनिटांपासून चारला पाच कमी होईपर्यंत त्रेचाळीस हाका. एकही पोहोचली नव्हती.

तो चौदा नंबरमध्ये गेला. रेंज पुरेपूर. मग गडबड कुठे?

"मामा, पाय टाकू नका, ओलंय!" फरशी पुसणारी मावशी खेकसली.

त्याने दाराकडे पाहिलं. दाराखाली लाकडी पाचर होती. सकाळी अकराला फरश्या पुसल्या जातात आणि वाळेपर्यंत साठही दारं पाचर लावून उघडी ठेवतात. त्याच वेळी तो मोजत हिंडला होता, कारण तेव्हा कुठलंच दार ढकलावं लागत नाही, एका हातात शिडी असते. आणि दुपारी दोन ते चार आराम. तेव्हा सगळी दारं बंद. आग अडवायला बसवलेली, जाड लोखंडी.

"मावशी, ती पाचर काढा. दार लोटा जरा."

दार खट्टकन बसलं. टॅब्लेटवरचा हिरवा पिवळा झाला, मग लाल. मग काहीच उरलं नाही.

व्यवस्थापकांनी दिलेल्या फॉर्मवर 'कारण' असा चौकोन होता. त्यात त्याने लिहिलं, 'दारं उघडी ठेवून रेंज मोजली. मोजणारा मी. जुनी घंटा कापणारा मी.'

"असं लिहायचं नसतं हो," व्यवस्थापक म्हणाले. पहिल्यांदाच 'म्हणजे कसंय' राहून गेलं.

"अजून एकोणसाठ खोल्या आहेत साहेब."

व्हरांड्यात नर्सपोरी उभ्या होत्या. रेंजचं कुणीच विचारलं नाही. दोन वाजले, दारं एकामागून एक बंद होऊ लागली. तो एक नंबरच्या खोलीत शिरला, झोपलेल्या आजोबांजवळ उभा राहिला, पाठीमागे दार लोटलं आणि त्यांच्या मनगटावरचं बटण दाबलं.

बाहेर काहीच वाजलं नाही.