जार वर कोण नेणार

सरांनी वीस लिटरचा पाण्याचा जार माझ्या पायाशी आणून ठेवला आणि म्हणाले, "हा तू वर घे. तुला सवय आहे."

सकाळचे सहा वाजले होते. टेकडीच्या पायथ्याशी आम्ही तीसेक जण उभे होतो. नगर शहरातला पळणाऱ्यांचा ग्रुप. डॉक्टर, वकील, बिल्डर, त्यांच्या बायका, लेकी, सुना. सर आमचे कोच. टेकडीवर देवीचं देऊळ आहे, तिथपर्यंत तीनशे अकरा पायऱ्या. दर रविवारी त्या दहा वेळा पळत चढायच्या. प्यायचं पाणी वर ठेवलेलं असे, कारण प्रत्येक फेरी वर संपते. जार वर पोचवायचं काम पायथ्याच्या चहावाल्याचं. तो त्या दिवशीही आला होता. टपरीत बसून आमच्याकडेच बघत होता.

काही जण खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत राहिले. मी ज्यांच्या लॅबमध्ये नोकरी करते त्या डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "घे गं. तुझं पटकन होईल."

मी घेतला.

हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शूर वगैरे समजायला नको. मी जार डोक्यावर घेतला आणि तीनशे अकरा पायऱ्या चढले. मागून कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. वर पोचल्यावर टाळ्या वाजल्या. मग सगळे पाणी प्यायले.

मला सवय आहे हे त्यांना आदल्या रविवारी कळलं होतं.

माझे आईवडील पाथर्डी तालुक्यातले. दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, उन्हाळा लागला की परत. मला त्यांनी श्रीरामपूरला सिस्टरांच्या शाळेत घातलं. इंग्रजी माध्यम, वसतिगृह. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे उसाच्या फडात जायचे. पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपडीत झोपायचे. सातवीपासून लहान मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायचे. सुट्टी संपली की शाळेत इंग्रजीत निबंध लिहायचा, 'माझी सुट्टी'. मी समुद्रकिनाऱ्याबद्दल लिहायचे. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता.

मॅडमनी मला ग्रुपमध्ये नेलं, कारण एकदा बस पकडताना त्यांनी मला पळताना पाहिलं. ग्रुपमध्ये मी कमी बोलायचे, बोलले तर इंग्रजीत. त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की मी त्यांच्यातलीच कोणीतरी आहे. एकीने विचारलंही होतं, आईबाबा प्रोफेसर आहेत का. मी नुसती हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पावसाळ्यानंतर भंडारदऱ्याकडे डोंगरातली रिले शर्यत होती. ग्रुपमधून चार बायकांची टीम जाणार होती. मला त्या चारात यायचं होतं. आयुष्यात इतक्या उघडपणे मी काही मागितलं नव्हतं. सरांनी निवडीचा रविवार ठरवला. दहा फेऱ्या, शेवटची पंधरा किलोचं वाळूचं पोतं घेऊन. पहिल्या चौघी टीममध्ये.

नवव्या फेरीला माझ्या मांड्या थरथरत होत्या. खाली पोचले तेव्हा माझ्यापुढे पाच जणी होत्या. त्यांनी पोती खांद्यावर घेतली होती, कोणी छातीशी कवटाळली होती. मीही खांद्यावर घेतलं. वीस पायऱ्यांत मान एका बाजूला ओढली गेली, श्वास अडकला. मी थांबले. गळ्यातला नॅपकिन काढला, पिळला, गोल गुंडाळला, डोक्यावर ठेवला. त्यावर पोतं.

चुंबळ. मी विचार केला नाही. हातांनी केली.

मग मान सरळ झाली. पाठ सरळ झाली. पायांना लय सापडली. मी एकेकीला मागे टाकत गेले आणि दुसरी आले.

वर ग्रुपमधले वकीलसाहेब, ज्यांचा स्वतःचा श्रीरामपूरकडे चाळीस एकर ऊस आहे, त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो मॅडम, तुमच्या लॅबमध्ये कोयता लपला होता की."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. माणसं मोजायची ती हत्याराच्या नावाने. तिथल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. सगळे हसले. मॅडम सगळ्यांत उशिरा हसल्या, पण हसल्या.

सरांनी माझा नंबर धरला नाही. पोतं खांद्यावर न्यायचं होतं म्हणाले. हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, आणि छातीशी धरलेली चालली होती. "डोक्यावर नेणं म्हणजे हमाली. इथे आपण स्पोर्ट करतो."

त्या दिवसापासून ग्रुपमध्ये माझ्याशी कोणी इंग्रजीत बोललं नाही. सावकाश, सोप्या मराठीत बोलू लागले. जणू मधल्या आठवड्यात मी इंग्रजी विसरले होते.

आणि पुढच्या रविवारी तो जार.

व्हिडिओ त्यांनी सगळीकडे टाकला. खाली हसरे चेहरे. फिरत फिरत तो माझ्या चुलतभावाच्या मोबाईलवर पोचला आणि त्याने आईला दाखवला. आई आता तोडीला जात नाही. तिची मान वळत नाही, हाक मारली तर अख्खी वळते. तिने संध्याकाळी फोन केला.

"कुनाचं पानी हुतं त्ये?"

मी म्हणाले, ग्रुपचं.

"रोजावर गेल्तीस व्हय?"

"नाही."

"मंग? त्यास्नी काय हात न्हाईत?"

मी सांगायला लागले, की तिथे सगळे ओळखीचे आहेत, मॅडम आहेत, नोकरी आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्या वाह्यलं त्ये पोटासाठी. मुकादमानं उचल दिल्ती. तुला कुनी काय दिलं?" आणि फोन ठेवला.

टाळ्या दिल्या होत्या.

तिसऱ्या रविवारी मी पुन्हा गेले. जार माझ्या पायाशी आला. या वेळी सरांनी नुसती मान हलवली. एका जणीने मोबाईल वर धरला होता.

मी म्हणाले, "मी नेणार नाही."

सरांना वाटलं, मी दमलेय. म्हणाले, मग अर्धा रिकामा कर.

"अर्धाही नाही. रिकामासुद्धा नाही. तुम्ही तीस जण आहात."

वकीलसाहेब म्हणाले, आता हिला भाव आला. मॅडम जवळ आल्या, माझा दंड धरला आणि हळू म्हणाल्या, "उगाच तमाशा करू नकोस. उद्या लॅबमध्ये बोलू आपण."

त्या हळू बोलण्याचा अर्थ मला कळला. मी दंड सोडवून घेतला. "उद्या बोलू. हात काढा."

चहावाला टपरीच्या आत निघून गेला. त्या दिवशी तोही जार उचलायला आला नाही. मी पळायला लागले.

जार खालीच राहिला.

सहाव्या फेरीपर्यंत ऊन वर आलं होतं. देवळापाशी सगळे ओठ चाटत उभे होते, एकमेकांकडे बघत. दर रविवारी दहा वेळा टेकडी चढणारी माणसं. स्वतःचं पाणी आणायला एकालाही खाली जावंसं वाटेना. शेवटी सगळे खाली उतरले, जारभोवती कोंडाळं करून पाणी प्यायले आणि गाड्यांपाशी गप्पा मारत थांबले. वर्कआउट सहा फेऱ्यांत संपलं. सरांनी वहीत माझ्या नावावर काट मारली, मला दिसेल अशी.

मी दहा पूर्ण केल्या. माझ्या बाटलीत दोन घोट होते, ते आठव्या फेरीला संपले. शेवटच्या फेरीला नॅपकिन काढला, सगळ्यांच्या गाड्या निघायच्या आत, पायरीवर बसून सावकाश चुंबळ केली. निवडीच्या दिवसापासून टपरीमागे पडलेलं वाळूचं पोतं डोक्यावर घेतलं. कोणाचा मोबाईल वर आहे ते पाहिलं नाही. पोतं घेऊन वर गेले आणि पोतं घेऊन खाली आले.

उद्या सोमवार आहे. मॅडम बोलावतील. मी उभी राहून ऐकेन आणि त्याच शब्दांत उत्तर देईन. रक्त काढण्याचं काम मला येतं, ते दुसऱ्या लॅबमध्येही करता येतं. शर्यतीत एकट्याने पळणाऱ्यांचाही गट आहे. आज त्याचा फॉर्म भरला. कशाला कोण जाणे, त्यात आईवडिलांचा व्यवसायही विचारला होता. ऊसतोड कामगार, असं लिहिलं.

पुढच्या रविवारी सहा वाजता मी पायथ्याशी असेन. पायऱ्या त्यांनी बांधलेल्या नाहीत. पोतं मी डोक्यावरच घेईन. जार मात्र ते ठेवतील तिथेच राहील.