हातपंपापर्यंतची चाचणी

“दिवस कुठे संपलाय?” संध्याकाळी मी मोजमापाचं यंत्र बंद करायला गेले की आमचे साहेब हात आडवा घालून हेच म्हणायचे. मला चिंचणीची बस गाठायची असायची, घरी जाऊन भात टाकायचा असायचा. अस्सा राग यायचा.

तलासरीजवळच्या एका शेडमध्ये आम्ही अंगावर चढवायचे सांगाडे तपासायचो. पाठीला पट्टे, मांड्यांना पट्टे, मध्ये स्प्रिंगा. वाकून ओझं उचलताना थोडा भार सांगाडा घेतो. ते कुणावर, किती वेळ आणि कसे तपासायचे याचे नियम देशासाठी ठरायचे होते. मसुदा साहेबांकडे होता, मी त्यांची मदतनीस.

समोरच्याच्या ताटात वाढलंय का ते बघितल्याशिवाय घास न घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साहेब तसे. प्रत्येक सांगाडा आधी स्वतःच्या ढेरपोटावर आवळायचे, चिकूचे क्रेट उचलायचे आणि धापा टाकत म्हणायचे, “नवा असताना सगळाच बरा वाटतो.” चाचणीला बोलावलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांत वेवजीची जनीबाई होती. चिकू पॅकिंगच्या कामावरची, बुटकी, काटक.

“बाई, दुखतं का?” साहेबांनी विचारलं.

“नाय.”

“खरं सांगा.”

“दुखतं म्हटलं तर दुसरीला बोलावतील ना, साहेब.”

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला घेऊन तिच्या पाड्यावर गेले. सांगाडा शेडमध्ये उतरवून आलेली जनीबाई हातपंपावर पाणी भरत होती. हंडा उचलताना ती मध्येच थांबली, पंपाला धरून उभी राहिली, मग कसाबसा डोक्यावर घेतला. सांगाड्यामुळे पाठ हलकी वाटली म्हणून दिवसभर जास्त क्रेट उचलले होते, ते इथे बाहेर पडत होतं. शेडमध्ये ती एकदाही अशी थांबली नव्हती.

साहेबांनी मसुद्यात कलम घातलं. सांगाडा उतरवला म्हणून चाचणी संपू नये, माणूस घरचं शेवटचं ओझं उचलेपर्यंत चालावी. आणि सांगाडा दिला म्हणून क्रेट वाढवू नयेत. नियम ठरवणाऱ्या समितीतले एक गृहस्थ हसून म्हणाले, “अहो, पाणी भरणं हा काही उद्योग नाही.”

कलम खोडलं गेलं. साहेबांनी पुन्हा घातलं, पुन्हा खोडलं गेलं. मी म्हटलं, “साहेब, सोडा ना आता. डोकं आपटून भिंत फुटते का?”

“नाही फुटत, ताई. कळतं मला,” म्हणाले, आणि पुन्हा लिहायला बसले.

नियम मंजूर झाले, त्या कलमाशिवाय. साहेब राजीनामा देऊन सुरतेला मुलीकडे निघून गेले. मी शेडच्या मागे जाऊन रडले.

पॅकिंगच्या कामावर सांगाडे आले. महिन्याभरात क्रेट वाढले. पावसाळा संपता संपता जनीबाईची पाठ गेली. डहाणूच्या डॉक्टरांनी ओझं बंद सांगितलं, तसं कामही सुटलं. तिचा नवरा विचारायला गेला तर मालकाने सांगितलं, सांगाडा चाचणीत पास आहे. खोटं नव्हतं ते. पासच होता मेला.

मी साहेबांना फोन केला. सांगू नये असं वाटत होतं, पण दुसऱ्या कुणाला सांगणार होते? सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “पाणी कोण भरतं तिचं?”

“तीच भरते. अर्धा अर्धा हंडा.”

साहेबांनी फोन ठेवला. त्यानंतर मी कितीदा तरी लावला. रिंग वाजत राहते, साहेब फोन घेत नाहीत.