जहराच्या टेकडीवर बर्फाच्या फळ्या

बोटीवर ओकून ओकून अर्धी झालेली मी कुवेतच्या बंदरात उतरले, तर धाकट्या भावाने, हनीफने, आपल्या आपाला, म्हणजे मला, ओळखलंच नाही. आमचा रत्नागिरीचा हा पोरगा इथे इस्पितळाची गाडी चालवतो. सगळीकडे नवी बांधकामं, धूळच धूळ. बनेद अल-गारमधल्या त्याच्या खोलीत मछबूस (मसाल्यातला मटणभात) पोटात गेला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

खोलीच्या कोपऱ्यात टोकाला वळलेल्या दोन लांबलचक फळ्या होत्या. त्या हेल्गा मॅडमच्या स्की (बर्फावरून घसरायच्या फळ्या), हनीफ म्हणाला. हेल्गा त्याच्या इस्पितळातली ऑस्ट्रियन नर्स. आल्प्सच्या उतारांवर देशाच्या संघातून शर्यती मारलेली बाई! एका शर्यतीत पडून तिचा पाय मोडला. हाड जुळलं, पण पडायची धास्ती बसली, आणि बर्फ नसलेला मुलूख शोधत ती इथे आली. आता संघाने येत्या हिवाळ्यात चाचणीला बोलावलं होतं. ही शेवटची संधी. म्हणून हनीफ दर शुक्रवारी तिला वाळूच्या टेकडीवर सरावाला नेई.

त्या शुक्रवारी मीही गेले. जहरा गाव मागे पडलं आणि ओसाड पिवळे उतार लागले. उंच, रापलेली हेल्गा फळ्या खांद्यावर टाकून घामाने निथळत चढली, एकदाही न थांबता. मी बघतच राहिले. मात्र उतरताना निम्म्यावर आली की वेग आवरायची. पुन्हा चढ, पुन्हा तेच. चहा पिताना मला म्हणाली की पाय ऐकतात, मनच ब्रेक दाबतं.

हनीफला राहवेना. कोकणी डोकं ते! होडीच्या तळाला चोपडतात ते माशाचं तेल त्याने खास आणलेलं. तिचं लक्ष नसताना त्याने ते फळ्यांना चोपडलं, मॅडम सुळकन जातील म्हणून. वाळू चिकटली आणि हेल्गा वरूनच कोलांट्या खात आमच्या पायाशी आली, तो पूर्वी मोडलेला पाय अंगाखाली. हनीफ पांढराफटक. या अल्ला, म्हणत मी धावले.

ती उठून बसली, पाय चाचपला, तोंडातली वाळू थुंकली आणि हसतच सुटली.

“पडले,” ती म्हणाली. “इतक्या दिवसांनी पडले, आणि काही झालं नाही.”

हनीफला चार शब्द सुनावून तिने फळ्या घासून पुसायला लावल्या आणि पुन्हा वर गेली. या खेपेला निम्म्यावर तिने वेग आवरला नाही. सूं करत तळापर्यंत आली. माझ्या अंगावर काटा आला.

माझ्या परतीच्या बोटीला निरोप द्यायला तीही आली. चाचणीसाठी नोकरी सोडून ती घरी निघाली होती. अशी जिद्दीची बाई मी आमच्या रत्नागिरीतही पाहिली नाही. आपण पडू म्हणून मी किती गोष्टींच्या वाटेला गेले नाही, ते शिडी चढताना मनात येत राहिलं. खालून हनीफचा आवाज आला, “मॅडम, जिंकलात तर आपाला कळवा.”

“पडले तरी कळवीन,” हेल्गा म्हणाली.