मामाचा फाटका रस्ता

मी सातवीत असताना बाबा गेले. त्यानंतर हिंगणीच्या आमच्या दीड एकरातली वांगी रानडुकरं आधी खातात की आम्ही, अशी रोजची शर्यत होती, आणि बहुतेक वेळा डुकरंच जिंकायची. त्या दिवसांत आईला आणि मला उचलून सिंदीला आपल्या घरी आणणारा माझा मामा हा आख्ख्या वर्धा जिल्ह्यातला सगळ्यात सावकाश टेम्पोवाला होता, हे मी छातीठोकपणे सांगते. भाजी भरून तो समुद्रपूरच्या बाजाराला निघाला, की मागून सुटलेली एस.टी. पुढं जाऊन, माणसं उतरवून, परतीच्या वाटेवर त्याला समोरून भेटायची. "भाजीले धक्का लागला का तिचा चेहरा उतरते," असं त्याचं म्हणणं. बैल दिसला की थांबायचं, शाळेची पोरं दिसली की थांबायचं, रस्ता अगदीच रिकामा दिसला तर संशय येऊन थांबायचं. याच चाकांवर, मामाच्या बाजूला बसून मी कॉलेजला गेले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, कम्प्युटरची, आणि तीही पहिल्या वर्गात. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतेच.

मी शेवटच्या वर्षाला असताना टेम्पोवर ताडपत्री बांधता बांधता मामा वरून पडला. डोक्याची जखम भरली, चक्कर मात्र राहिली. डॉक्टरांनी स्टेअरिंग कायमचं बंद केलं. टेम्पो दुसऱ्याच्या दारात गेला. मामा ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे गिअर तोंडानं बदलत राहायचा. पुढं पुढं तोंडही बंद झालं, जेवण सुटलं. मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, यायले कायी तरी चालवाले दे. नाई तं हे बसल्या बसल्या जातीन."

म्हणून मी एक जुना कम्प्युटर आणला आणि त्यावर ट्रक चालवायचा गेम बसवून दिला, स्टेअरिंगसकट. मामा चप्पल काढून, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला नेल्याशिवाय खुर्चीवर बसायचा नाही. परदेशातल्या त्या मोकळ्या सहापदरी रस्त्यावरही तो वीसच्या वर जायचा नाही. मागचे ट्रक बोंबलत राहायचे. मधेच कडेला गाडी लावून चहाला उठायचा. "इंजन थंडं होऊ दे," म्हणायचा. पण दहा मिनिटांत चक्कर यायची, कारण रस्ता फाटायचा. वळणावर झाडांचे शेंडे पुढं निघून जायचे आणि बुंधे मागंच राहायचे, चित्र फाडून तिरकं चिकटवल्यासारखे. मी समजावलं, की कम्प्युटर चित्रं कधी भरभर पाठवतो, कधी हळू. मॉनिटर मात्र आपल्या ठरल्या ठेक्यातच चित्र बदलतो, मग ते अर्धं का आलेलं असेना. मामाला लगेच समजलं. "म्हंजे खालचा पत्ताकोबी फेकून राह्यला, अन् टेम्पोवरचा त्याच्याकडं न पाहता हात पुढं करून राह्यला. पडनच नं!"

नोकरी लागली तशी पहिल्या पगारात मी अ‍ॅडाप्टिव्ह सिंकवाला मॉनिटर घेतला, म्हणजे चित्र पुरतं येईपर्यंत थांबणारा. वर्ध्याहून एस.टी.नं पाठवला आणि फोनवर सांगितलं, जुन्याच्या जागी लाव. मामा भडकला. "भाचीचं घेते काय कोणी? परत नेजो!" आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो, तिला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. मामीनं कसाबसा ठेवून घेतला. त्यानंतर मी फोनवर विचारलं, आता कसं दिसतं, की एकच उत्तर यायचं: "मक्खन!"

चार महिन्यांनी मी न सांगता गेले. मामा मान तिरपी करून, एक डोळा गच्च मिटून ट्रक हाकत होता. खुर्चीजवळ बादली. समोर रस्ता पहिल्यासारखाच फाटत होता.

"मामा, हे काऊन असं?"

मामीच बोलली, "रोज ओकते अन् तुले मक्खन सांगते."

"तुही पयली कमाई हाय, माय," मामा पडद्याकडं बघतच म्हणाला. "तिले फाटकी कसं म्हणू मी?"

मी मॉनिटरच्या मागं वाकून पाहिलं. वायर जुनीच होती. 'थांब' हा निरोप त्या वायरीतून जातच नव्हता. खोक्यातली नवी वायर मामानं देव्हाऱ्यात ठेवली होती, पिशवी न फोडता, वर हळदकुंकू लावून. भाचीची वस्तू वापरून झिजवायची कशी! त्याला हसावं असं मला वाटलं नाही. वायर बदलायला सांगायचं माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं, पहिल्या वर्गाच्या.

मी नवी वायर लावली. मॉनिटरच्या मेनूत अ‍ॅडाप्टिव्ह सिंक बंद होतं, ते चालू केलं. मामा बसला. वळण आलं तसा सवयीनं त्यानं डोळा मिटला, मग हळूच उघडला. झाडं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत अख्खी वळली. मामी बादली धरून तशीच उभी होती.

"माय, याच्यात बाजूले कोणाले बसवता येते काय?"

"नाही मामा."

"बरं," म्हणाला, आणि पुढं चालवत राहिला.

खरी गाडी तो आता कधीच चालवणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. पण त्या दिवशी मामानं पाऊण तास गाडी चालवली, आणि उठून दोन भाकरी खाल्ल्या.