विमलचं पहिलं भाषण

विमल गेल्याचं मला तिच्या मुलीने, प्रज्ञाने, फोनवर सांगितलं. "मावशी, आई सकाळी गेली... पुण्यानुमोदनाला तुम्ही दोन शब्द बोलाल ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. आयुष्यात मी कधी चारचौघांत बोललेले नाही. भाषणं लिहून दिली आहेत. खरं तर एकच दिलं होतं, तेही विमललाच.

ऐंशीच्या दशकात मुलुंडला औषधांचा एक कारखाना होता. तिथे विमल पॅकिंगला होती आणि मी ऑफिसात टायपिस्ट. ती घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायची, मी भांडुपला. पॅकिंगच्या चाळीस बायका आठ तास उभ्याने बाटल्यांना लेबलं लावायच्या. बसायला काही नव्हतं. स्टूल मागितले तर सुपरवायझर म्हणायचा, बसलात की हात मंदावतात. युनियनच्या वार्षिक सभेत आपल्यातल्या एकीने यावर बोलायचं, असं बायकांनी ठरवलं आणि विमलचं नाव दिलं. कारण त्या दिवशी ती रजेवर होती. दुसऱ्या दिवशी डबा खाताना ती माझ्यापाशी आली. "माझी वाट लावली गं यांनी. तू लिहून दे ना. तुझं मराठी शुद्ध आहे."

शुद्ध मराठीचा मला तेव्हा अभिमान होता. मी चार पानं लिहिली. रविवारी दुपारी ती आमच्याकडे आली, सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या, आणि मी वाचायला सुरुवात केली, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान..."

"विराजमान म्हणजे?"

"बसलेले."

"मग बसलेले म्हण की. तेच तर सांगायचंय, ते बसलेत म्हणून."

सासूबाई हसल्या. "गो, तिचा बरोबर आसा," त्या म्हणाल्या. तिथून माझ्या चार पानांची जी छाटणी सुरू झाली ती तीन रविवार चालली. जो शब्द तिच्या तोंडी नव्हता तो ती ठेवू देईना. मी चिडायचे, ती शांतपणे "हे मी कुठं बोलते?" म्हणायची आणि खोडायला लावायची. शेवटी एक पान उरलं. फक्त एका वाक्यावरून आमचं भांडण झालं. महिन्याच्या चार दिवसांत उभं राहण्याबद्दलचं वाक्य तिला हवं होतं. मी म्हटलं, "तीनशे पुरुष असतील समोर. असलं काही बोलायचं नाही." मी ते वाक्य गाळून कागद तिच्या हातात दिला.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती, रविवारी सकाळी. मी ऑफिसची, म्हणजे युनियनबाहेरची. तरीही मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. विमलचं नाव पुकारलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. ती वर गेली, माईक खाली ओढला, तो कर्कश ओरडला, लोक हसले. हातात आमचा कागद होता. अध्यक्ष महोदय वगैरे काही नाही. ती म्हणाली, "आधी सगळे उभे राहा."

कुणीतरी वारलं असणार, श्रद्धांजली असेल, असं समजून अख्खा हॉल उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. व्यासपीठावरचे पुढारीसुद्धा. हे आमच्या कागदावर नव्हतं. ती बोलायला लागली, पॅकिंगला काय चालतं ते, साध्या आवाजात, एकेक करून. कोणी गेलेलं नाही हे लोकांच्या ध्यानात आलं, कुजबूज झाली, काही जण खाली टेकायला लागले. "बसू नका. माझं झालं नाही अजून." पुढच्या रांगेतले एक म्हातारे कामगार पाय चोळत होते. त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही बसा. पाय दुखतोय ना? आम्हाला असं बस म्हणणारं कुणी नाही." मग म्हणाली, "पाच मिनिटं झाली असतील. आम्ही आठ तास उभ्या असतो. सातव्या महिन्यातपण. महिन्याच्या त्या चार दिवसांतपण." हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. "आम्हाला स्टूल पाहिजेत. आता बसा."

टाळ्या लगेच नाही झाल्या. आधी तीनशे खुर्च्यांचा आवाज झाला, मग टाळ्या. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "चुकलं का गं काही? आभार राहिले." मी तिला उसाचा रस पाजला.

चार महिन्यांनी स्टूल आले. दोघींत एक, पण आले. आणि पुढच्या आठवड्यात विमलची बाटल्या धुण्याच्या खात्यात बदली झाली. तिथे दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं. स्टूल फक्त पॅकिंगला मंजूर होते. बदलीचं पत्र साहेबांनी मला टाइप करायला दिलं. मराठी टायपिंग आम्ही दोघी टायपिस्ट करायचो, पत्र दुसरीकडे सरकवता आलं असतं. मी सरकवलं नाही. नोकरी जाईल असं वाटलं... की नुसतीच सवय होती, आज सांगता येत नाही. पत्र टाइप केलं, सहीला पाठवलं आणि विमलला सांगितलं नाही.

बारा वर्षं ती त्या खात्यात होती, कारखाना बंद पडेपर्यंत. आमची मैत्री मात्र तुटली नाही. तिच्या प्रज्ञाच्या लग्नात मी पाच दिवस राबले, माझे मिस्टर गेले तेव्हा ती आठवडाभर माझ्याकडे झोपली. तिच्या पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या. त्यांना तेल लावताना ती गप्पा मारायची. त्या पत्राचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

पुण्यानुमोदनाला वस्तीतल्या बुद्धविहारात दीडशे माणसं होती. मी काही लिहून नेलं नव्हतं. उभी राहिले आणि सांगितलं, भाषणाचं सांगितलं, आणि मग ते पत्र मी टाइप केलं होतं हेही सांगितलं. प्रज्ञा माझ्याकडे बघतच राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं.

नंतर चहाच्या वेळी पॅकिंगमधली कुसुम माझ्याजवळ आली. आता पंच्याहत्तरीची आहे, काठी घेऊन चालते. म्हणाली, "सावंतबाई, आम्हाला तेव्हाच कळलं होतं. विमलने पत्र वाचलं आणि म्हणाली, एक पण चूक नाही, म्हणजे आपल्या सावंतबाईनेच टाइप केलंय. तिला कोणी काही विचारायचं नाही... एवढं सांगून ती धुण्याच्या खात्यात गेली."